एकट्यांची रांग

नकाशा जेवणाच्या टेबलावर मावत नाही,
म्हणून एक कोपरा लोणच्याच्या बरणीखाली,
एक यांच्या गोळ्यांच्या डब्याखाली,
आणि बागेची अख्खी पूर्व बाजू खाली लोंबतेय.

"एकच दिवस हं आई," केतकी फ्लोरिडाहून म्हणाली,
"शनिवार. त्याहून जास्त रजा नाही मला."
समोरच्या जिगीषाबेन म्हणाल्या, एक दिवसमां शुं थाय?
त्यांना काय ठाऊक,
मी एकतीस वर्षं दांडिया बाजारच्या शाळेचं
वेळापत्रक बसवलंय.
बावीस वर्ग, एकोणीस शिक्षक,
साळवी सरांना जेवणानंतर गणित चालत नसे,
आठवी-नववीत मिळून एकच प्रयोगशाळा.
दिवस म्हणजे आठ तास, दोन सुट्ट्या.
त्यात पानिपत बसतं, अपूर्णांक बसतात,
एखादीचं रडूसुद्धा बसतं.

पेन्सिल घेतली, पट्टी घेतली.
आठला फाटक.
सगळे ज्या किल्ल्यासमोर फोटोला उभे राहतात
त्याच्या उजवीकडून निसटायचं,
थांबलात की गेलात, असं केतकीचं म्हणणं.
आधी लांबचा डोंगर, त्यावरून उलटी होऊन जाणारी गाडी,
दहानंतर तिथे दीड तास रांग.
बाराला थेपले.
थेपले आत नेऊ देतात का, हे कुणीच नीट सांगत नाही.
बाथरूमांना लाल गोल करून ठेवले.

मग बारीक अक्षरं आली. भिंग आणलं.
हृदयविकार, मानदुखी, पाठदुखी, गरोदर बायका,
यांनी बसू नये.
हे पेपर वाचत होते. दोन स्टेंट, एक मणका.
मी काही बोलले नाही.
खोडरबर फिरवला डोंगरावरून,
पाण्याच्या घसरगुंडीवरून, अंधाऱ्या बोगद्यावरून.
टेबलभर रबराचा भुगा
आणि वेळापत्रकात उरला पोपटांचा खेळ.

तिथेच, अगदी तळाशी, एक ओळ होती:
जे एकटे बसायला तयार असतील त्यांची रांग वेगळी.
ती लवकर सरकते.
कुणाच्याही शेजारची रिकामी जागा मिळेल.

ती मी तीनदा वाचली.

हे पावागड चढले तेव्हा
मी पायथ्याशी होते, थर्मास आणि तापलेली केतकी घेऊन.
हे पोलो ग्राउंडवर खेळायचे तेव्हा
माझ्या मनगटावर दोन घड्याळं असायची,
एक त्यांचं, एक माझं,
आणि दोन्हींत सारखेच वाजलेले.

"अहो," म्हटलं, "पर्स धराल का?"
"कुठली?"
"माझी. चाळीसेक मिनिटं. मग पुन्हा एकदा चाळीस."
त्यांनी पेपर खाली केला,
नकाशाकडे बघितलं, भुग्याकडे बघितलं,
आणि हात पुढे केला. "आण. आत्तापासूनच?"

आता रोज सकाळी कामाटीबागेत सराव.
नवे बूट चावतात. तिथे अठरा हजार पावलं लागतात म्हणे,
माझी सहा व्हायची, काल सात झाली.
हे बाकावर, पर्स मांडीवर,
दोन्ही हातांनी, शेजाऱ्याचं मांजर सांभाळल्यासारखी.
छोटी गाडी शिट्टी मारत जाते,
आतली पोरं हात हलवतात,
हेही एक हात सोडून हलवतात
आणि घाईने परत धरतात.

काल विचारलं, "त्यात तुझा फोन वाजला तर?"
"घ्यायचा. म्हणायचं, ती वर गेलीय."
"वर गेलीय?"
इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला.
"असं सांगतात का कुणाला?"
"बरं, मग म्हणा, वर गेलीय,
पण साडेनऊपर्यंत येते खाली."

"हे लिहून ठेव," म्हणाले.
ठेवलं. पेनाने.